शड्डू

फुगा फोडायचा, असं माहितीपत्रकात आहे.
बंद जागेत एक फुगा,
नाहीतर शर्यतीचं पिस्तूल,
आणि मग गप्प उभं राहून
भिंती काय म्हणतात ते टिपून घ्यायचं.
तेवढ्यावर संगणक जागा ओळखतो,
परटाला कापडावरच्या खुणेवरून घर कळतं, तसा.

दस्तगीर वस्तादांनी फुगा बघितला.
"बारसं हाय व्हय रं तालमीत?"
मग उठले. आधी गुडघे, मग कंबर, मग उरलेले.
हौद्याच्या मधोमध जाऊन
ऐंशी वर्षांच्या मांडीवर
एकच शड्डू ठोकला.

पडद्यावर रेघ उभी राहिली,
काळी, ताठ,
आणि तिच्यामागं विरत गेलेला
थोडासा धूर.
मी खूश.
वस्तादांनी हेडफोनची एकच वाटी कानाला लावली,
डोळे मिटून ऐकलं, खाली ठेवला.
"ही तालीम न्हवं. ही रिकामी खोली हाय."

चाळीस पोरं असायची पहाटे चारला.
पंचगंगेवरचं धुकं दारातच थांबायचं,
आत अंगांची वाफ.
दगड आवाज परत देतो,
ताक, हळद, तेल पिऊन बसलेली माती
निम्मा ठेवून घेते,
माणूस देतच नाही परत.
आता तीन येतात, त्यातला एक मोबाईल चार्ज करायला.
दिवाळीनंतर इथं पार्किंग.
आणि मला त्याआधी
चाळीस पैलवान हवे होते.

वाकळा मागितल्या.
शनिवार पेठेत दारोदार.
एकीला वाटलं पूर आलाय कुठं,
तिनं वाकळेवर किलोभर तांदूळही दिले.
एकीनं नाव लिहून घेतलं, आधार कार्ड बघितलं.
जमल्या एकोणतीस.
एकीला बाळाच्या शूचा वास, एकीला बाजल्याच्या दोरीचे वळ,
एक इतकी जड
की आत कुणीतरी झोपलंय असं वाटावं.
दोऱ्या बांधून पुरुषभर उंचीला टांगल्या
हौद्याभोवती, खांद्याला खांदा.
इरकलीचे काठ, परकराच्या पट्ट्या,
विटलेला शालू,
बुरख्याच्या काळ्या कापडाची एक चौकट.
ज्यांचं पाऊल कधी उंबऱ्याच्या आत पडलं नाही
त्यांची लुगडी
मारुतीसमोर उभी, पैलवानांच्या जागी.

वस्ताद काही बोलले नाहीत.
एका वाकळेचा काठ त्यांनी ओळखला असावा,
तिच्याकडं पाठ करून उभे राहिले.
मग ठोकला.

अर्ध्या सेकंदाच्याही आत सगळं संपलं.
"हां," म्हणाले. "आता आली पोरं."

रात्री त्यांच्याच घरी, फ्रीजवर लॅपटॉप ठेवून
मी शड्डूचं शेपूट कापलं, साफ केलं,
त्यात कुणाचाही आवाज ओता,
तो तालमीत बोलल्यासारखा येईल, म्हटलं.
जैबूनमावशी भाकरी थापत होत्या.
मी बोला म्हटलं, काहीही.
पिठाचे हात वर धरून माईकला म्हणाल्या,
"दूध ठेवलंय."
सेहेचाळीस वर्षं पहाटे उंबऱ्यावर चरवी टेकवून
एवढंच म्हणत आल्या होत्या, आणि माघारी फिरत होत्या.

मी त्यांच्या कानाला लावलं.
दूध ठेवलंय.
आतून. मातीवरून. पोरांच्या मधून.
परत लावायला सांगितलं.
परत.

"एवढीच व्हय?" म्हणाल्या.
"मी कवा आत गेलो न्हाई.
मला वाटलं, लई मोठी आसंल."

तव्यावरची भाकरी उलटली.
वस्ताद दाराशी चपला शोधत होते, पायात असताना.
मग मावशींनी कोपऱ्यातली आपली वाकळ ओढली
आणि तिथंच झटकली,
लाल माती उडाली चुलीवर, लॅपटॉपवर,
पिठाच्या परातीत.